बरडवस्तीच्या खांबाखालची माती

खुरदाद महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी आठच्या सुमारास, पाटोद्यापासून तीन मैलांवर बरडवस्ती इथे सटवा नावाचा मेंढपाळ विजेच्या खांबाला चिकटून मेला. साल १३४१ फसली, म्हणजे इसवी सन १९३२. निजामी सालातला खुरदाद म्हणजे आपल्याकडचा एप्रिल. सटवाच्या आधी काही मिनिटं त्याच खांबापाशी त्याच्या दोन मेंढ्या मेल्या होत्या. त्याचा धाकटा भाऊ रामा याला त्याच दुपारी तांब्याची पट्टी चोरल्याच्या आरोपावरून अटक झाली.

मी पुण्याहून निघालो तो त्यानंतरच्या शनिवारी. बरोबर माधवराव किन्हीकर होते. पाटोद्याची वीज-लाइन आखणारे इंजिनियर तेच. मागच्या दिवाळीत ती सुरू झाली तेव्हा आमच्या पत्रात तिच्यावर दीड रकाना आला होता, तो मी लिहिला होता. आता निजाम सरकारने किन्हीकरांना फेरतपासणीला बोलावलं होतं आणि संपादकांनी मला त्यांच्याबरोबर पाठवलं.

लाइन तीन मैलांची आहे. पाटोद्यातल्या एका जीनिंग कारखान्यात तेलावर चालणारं इंजिन वीज तयार करतं. बरडवस्तीजवळ नदीकाठी एक विहीर आहे, तिच्यावर विजेचा पंप आहे आणि तो पंप नळाने पाटोद्याच्या हौदात पाणी चढवतो. विजेला सहसा दोन तारा लागतात, एक जायला आणि एक परत यायला. इथे परतीची तार नाही. खांबांवरून एकच तार जाते आणि वीज परत येते ती जमिनीतून. त्यासाठी दोन्ही टोकांना खड्ड्यात तांब्याचा मोठा पत्रा पुरला आहे. पत्र्यापासून वर खांबावरच्या पेटीपर्यंत तांब्याची पट्टी गेली आहे. तीन मैलांचं तांबं यामुळे वाचलं होतं. माझ्या दीड रकान्यात मी याचं कौतुक केलं होतं.

रामावरच्या आरोपाचा पाया किन्हीकरांच्याच अहवालात होता. पत्रा आणि जमीन यांच्यामधला अडथळा त्यांनी दिवाळीत मोजला, तो पाच ओहम भरला. लाइनीतून सहा अँपिअर वीज जाते. पाच गुणिले सहा, तीस व्होल्ट. म्हणजे पट्टीला हात लागला तरी माणूस मरणार नाही, असं अहवालात स्पष्ट लिहिलं होतं. पोलिसांचं म्हणणं सरळ होतं. पट्टी मारू शकत नाही, तर सटवा वरच्या तारेमुळे मेला. वरच्या तारेपर्यंत पोचला तर चोरीसाठीच पोचला. आणि तोडलेली पट्टी रामाच्या हातात सापडली.

पट्टीनेच सटवाला मारलं असं नव्या मोजणीत दिसलं, तर रामा सुटणार होता. दुसरा पुरावा नव्हता.

जामखेडचा नाका

जामखेड ओलांडलं की आपली हद्द संपते. निजामाच्या करोडगिरी नाक्यावर जकात बसते ती कापड, साखर, घासलेट यांवर. किन्हीकरांच्या यंत्राची लाकडी पेटी कशात बसवायची हे नाक्यावरच्या कारकुनाला ठरवता येईना. पेटीला बाजूने हाताने फिरवायचा दांडा होता.

"ग्रामोफोन हाय का?" कारकुनाने विचारलं.

"जमीन मोजायचं यंत्र आहे," किन्हीकर म्हणाले.

"जमीन साखळीनं मोजत्यात. याला दांडा कावून हाय?"

शिपाई पुढे आला. "कर्णा कुठं हाय याचा? बिनकर्ण्याचा वाजतो का?"

"वाजवून बघू," कारकून म्हणाला.

किन्हीकर नको म्हणेपर्यंत कारकुनाने दांडा फिरवायला सुरुवात केली होती आणि शिपायाने बाहेर आलेल्या दोन तारा दोन हातांत घेतल्या होत्या. शिपाई मागच्या पोत्यावर जाऊन बसला. त्याचं पागोटं पडलं.

"वाजला?" कारकुनाने विचारलं.

"लई वाजला," शिपाई म्हणाला.

पेटी जकातीवाचून सुटली. पावतीवर कारकुनाने उर्दूत काहीतरी लिहिलं. 'धोक्याची चीज' असं लिहिलंय, एवढंच त्याने सांगितलं.

पुढे सौताड्याच्या दरीपर्यंत बैलगाडीचा रस्ता चढाचा आहे. पावसाळ्यात इथे धबधबा असतो, असं गाडीवान म्हणाला. त्या दिवशी कड्यावर पाण्याच्या जुन्या वाटेचा काळा पट्टा होता आणि खालच्या डोहात गुरं उभी होती. पाणी त्यांच्या खुरांच्या वर नव्हतं. दरीच्या पुढे माळ लागतो. मुरूम, खडक, मधूनमधून लवणात, म्हणजे खोलगट जागेत, साचलेली काळी माती. किन्हीकर गाडीतून उतरून प्रत्येक लवणाशी माती हातात घेऊन बघत होते.

गाडीत त्यांनी मला आपलं गणित समजावलं. लाइनीचा एकूण अडथळा काढायचं सूत्र गेल्या काही वर्षांतच परदेशी मासिकात आलं आहे. खांबावरच्या तारेच्या बरोबर खाली, जमिनीच्या पोटात, दुसरी एक तार आहे असं समजायचं. प्रत्यक्षात तिथे काही नसतं. परतणारी वीज मैलभर पसरलेली असते, पण हिशेबाला तशी एक तार धरली की उत्तर बरोबर येतं. जमीन काळी असेल तर ती तार हजार फुटांवर, मुरूम-खडक असेल तर तीन हजार.

"आणि अडथळा?" मी विचारलं.

"जमिनीचा मैलामागे अडथळा जवळजवळ तेवढाच राहतो. काळी असो, खडक असो. जमीन वाईट असली तर वीज जास्त खोल आणि जास्त रुंद पसरते, म्हणून वाट तेवढीच सोपी होते."

दिवाळीत लाइन सुरू केल्यावर पंपाशी मिळालेला विजेचा दाब, म्हणजे व्होल्ट, त्यांनी मोजला होता. सूत्राने काढलेला आणि मोजलेला, दोन्ही आकडे जुळले होते.

"मग चूक कुठे आहे?"

"तीन मैलांत नाही," किन्हीकर म्हणाले. "असलीच तर पहिल्या तीन हातांत आहे. पत्र्यापासून मातीत शिरताना."

पाटोदा

लाइन मंगळवारपासून बंद होती, म्हणून हौद कोरडा होता. बाजारपेठेच्या तोंडाशी असलेल्या खाणावळीत आम्हाला भाकरी, ठेचा आणि हुलग्याचं माडगं मिळालं. माडगं म्हणजे कुळथाचं पातळ कढण, वर कच्चं तेल. आपल्याकडे जेवण झाल्यावर उठून बाहेर हात धुतात. इथे खाणावळवाल्याने परात पुढे धरली, हात तिच्यातच धुवायला लावले आणि ते पाणी मागच्या शेळीपुढे ठेवलं. प्यायला एकेक वाटी पाणी मिळालं. दुसरी वाटी मागितली तर त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि आणून दिली.

बाहेर हौदाच्या कट्ट्यावर रिकाम्या घागरी ओळीने ठेवल्या होत्या. त्या हलवायच्या नाहीत, लाइन सुरू झाली की त्याच क्रमाने भरायच्या, असा नियम होता. यंत्राची पेटी घेतलेला हमाल दिसताच एक म्हातारी ओरडली, "ओ यंत्रवाले! आमच्या घागरीत काय हाय ते बी मोजा की येकदा!"

पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याला इथे अमीन म्हणतात. पाटोद्याचे अमीनसाहेब पन्नाशीचे, बोलायला सौम्य. त्यांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या आणि रामाला बाहेर आणवलं. रामा बावीस-तेवीसचा असेल. उजव्या तळहाताला पांढरा फोड होता. बाकी दुखापत नव्हती.

"सायबांना सांग काय झालं ते," अमीन म्हणाले.

"मेंढ्या खांबाकडं पळाल्या. तितं माती खारट हाय, चाटत्यात. दोन पडल्या. दादा गेला त्यास्नी वढाया. पाय सटकला म्हून त्यानं पट्टी धरली. अन् सोडंचना."

"ओरडला?"

"न्हाई. नुसता थरथरायला लागला. म्या घोंगडी हाताला गुंडाळली अन् पट्टी वढली. हालंना. मंग विळ्यानं तोडली. तवा दादा पडला."

"विळा कशाला नेलतास बे?" अमीन म्हणाले. हा प्रश्न त्यांनी आधीही विचारला असावा, कारण ते रामाकडे न बघता कागद लावत होते.

"पाला तोडाया, सायेब. रोज असतो कमरंला."

"वरच्या तारेला आकडा टाकला होता का?"

"आकडा कशाचा? आमच्याकडं काठी बी तारंएवढी उंच न्हाई."

किन्हीकरांनी त्याचा हात बघायला मागितला. फोड तळहातावर आडवा होता, पट्टीच्या रुंदीचा. घोंगडीचा तेवढाच भाग जळाला होता. ती घोंगडी पंचनाम्यात होती. किन्हीकर म्हणाले, "ही पट्टीनेच भाजलेली आहे. तीस व्होल्टला असं भाजत नाही."

"तीस आपणच लिहिलंत, इंजिनियरसाहेब," अमीन म्हणाले. "उद्या मोजून दुसरं काही निघालं तर दुसरं लिहू. मला या पोराशी दुष्मनी नाही."

रामाने जाताना किन्हीकरांना विचारलं, "उद्या सुटंन का मी?"

"उद्या मोजतो," किन्हीकर म्हणाले.

बरडवस्ती

बरडवस्ती म्हणजे मेंढपाळांची नऊ घरं, बाजूला काट्यांचे वाडे. खांब वस्तीपासून हाकेच्या अंतरावर लवणात आहे. आम्ही सकाळी सातला पोचलो. अमीन, एक कारकून, दोन पंच, किन्हीकर आणि मी. जीनचा चौकीदार नूरमियाँ पुढे वाट दाखवत होता.

किन्हीकर खांबापासून दहा पावलांवर थांबले.

खांबाच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला धोंडा होता, त्याला कडुलिंबाचा पाला आणि हळद. धोंड्याभोवती चार-पाच हातांपर्यंतची जमीन काळीशार ओली होती. काही ठिकाणी पाणी अजून जिरत होतं.

वस्तीतल्या बायका एका बाजूला उभ्या होत्या. त्यांच्यातली एक पुढे आली. तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं. ती सटवाची बायको गयाबाई.

"समदं निर्मळ केलंय, सायेब," ती म्हणाली. "झिरा उपसून सात घागरी घातल्या. तारमाई आता शांत हाय. आता मोजा तुमी. आमचा रामा सोडा."

नदीच्या कोरड्या वाळूत खड्डा खणला की तळाशी पाणी पाझरतं, त्याला झिरा म्हणतात. एक घागर भरायला अर्धा-पाऊण तास लागतो. गयाबाई आणि तिच्या दोन जावा आदल्या दुपारपासून भरत होत्या.

किन्हीकरांनी नूरमियाँला विचारलं, "इथे पाणी घालायला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच, साहब. खड्डा बुजवला तेव्हा. आठ दिवस रोज दोन घागरी घाल म्हणालात. मी घातल्या."

"आठच दिवस सांगितलं होतं. माती बसावी म्हणून."

"हौ. मी आठच दिवस घातल्या. पण या बायांनी बघितलं. त्यांना वाटलं, सरकारी खांबाचा रिवाज आहे. मालकांनी सुरू करताना नारळ फोडला होता, तो पण त्यांनी बघितला. मग धोंडा मांडला. पाण्याला जाता-येता रोज एक-एक तांब्या. मी कशाला मना करू?"

"किती दिवस?"

गयाबाईने उत्तर दिलं. "शिमग्यापोत्तर. मंग पाटील म्हनले, मानसाला पाणी न्हाई अन् खांबाला घालताव? म्हून बंद केलं. त्यापायीच ती कोपली."

शिमग्यापासून सटवाच्या मरणापर्यंत महिना झाला होता.

किन्हीकर लवणाच्या दुसऱ्या कडेला गेले. तिथे पाणी पडलेलं नव्हतं. काळी जमीन भेगाळली होती. एका भेगेत मी काठी घातली, ती मुठीपर्यंत आत गेली.

"पत्रा चार हात खोल आहे," किन्हीकर म्हणाले. "भेग तिथपर्यंत जात असेल. मातीने पत्रा सोडला असेल."

"काळी तोंड वासतेच, साहब," नूरमियाँ म्हणाला. "दर उन्हाळ्यात. म्हणून तर इथं घराचा पाया काळीत घालत नाहीत."

"हे मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं नाही."

किन्हीकर दापोलीकडचे. तिथे जमीन लाल, उन्हाळ्यात टणक होते पण अशी फाटत नाही. सूत्रात जमीन सगळीकडे सारखी आणि सलग धरलेली असते. भेगेला सूत्रात जागा नाही.

मोजणी अमीनांसमोर झाली. पत्र्यापासून दूर दोन लोखंडी मेखा ठोकल्या, तारा जोडल्या, किन्हीकरांनी दांडा फिरवला. काटा पाचवर थांबला. त्यांनी मेखा हलवून पुन्हा फिरवला. पाच.

"दिवाळीत पाच, आज पाच," अमीन म्हणाले. "लिहा."

"थांबा. आज सकाळी पाणी घातलंय. मंगळवारी जमीन कोरडी होती."

"कोरडी असताना किती?"

"शेकड्यांत असेल."

"असेल? मोजलं होतं कधी?"

"नाही," किन्हीकर म्हणाले. "मी कोरड्यात मोजलंच नाही."

किन्हीकरांनी बरोबर आणलेला सुटा पत्रा लवणाच्या कोरड्या कडेला पुरायला लावला. तासभर गेला. दांडा फिरवला तेव्हा यंत्राचा काटा तबकडीच्या शेवटापर्यंत गेला, म्हणजे अडथळा यंत्राला मोजता येईना एवढा होता. किन्हीकर अमीनांकडे वळले. अमीन पत्र्यापर्यंत चालत गेले, तिथून खांबापर्यंत पावलं मोजली.

"चव्वेचाळीस पावलं," ते म्हणाले. "इथं कोणी मेलेलं नाही. पंचनामा मेलेल्या जागेचा असतो."

पंचांनी मान हलवली. किन्हीकरांनी खांबाची जागा वाळायला पंधरा दिवस मागितले. अमीन म्हणाले, तो हुकूम तहसीलदारांचा लागेल, आणि लाइन पंधरा दिवस बंद ठेवायची तर पाटोद्याला काय सांगायचं तेही तहसीलदारांनाच विचारा.

अमीन गेल्यावर किन्हीकर गयाबाईच्या दारात बसले. तिने आम्हाला मेंढीचं दूध दिलं. पाणी दिलं नाही, आम्ही मागितलंही नाही.

"आता तिथे पाणी घालू नका," किन्हीकर म्हणाले.

"कावून?"

"रामा सुटायला ती जागा कोरडी हवी. कोरडी असली की यंत्रात दिसेल की पट्टीनेच सटवा मेला."

"कोरडी झाली की मानूस मरतं म्हनता?"

"हो."

"अन् वल्ली असली की मरत न्हाई."

"हो."

दारात तिची सासू मेंढीच्या पायातला काटा काढत होती.

"वल्ली होती तवा तुमी मोजाया आलात," गयाबाई म्हणाली. "कोरडी झाली तवा कुनीच न्हाई आलं. आज मोजाया आलात तर म्याच वल्ली केली."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"सात घागरी, सायेब. पोराला प्यायाला एक ठिवली न्हाई." मग तिने विचारलं, "मंजी म्याच केलं का ह्ये?"

"मी केलं. पाणी घालायला मीच सांगितलं होतं."

"तुमी आठ दिसाचं सांगितलं," गयाबाई म्हणाली. "आमी चार म्हैने घातलं. लई मन लावून घातलं."

सासू मेंढीला म्हणाली, "हालू नकं, मुडदे."

तीन दिवस

तहसीलदारांनी तीन दिवस दिले. त्यापुढे लाइन बंद ठेवता येणार नाही, असं लेखी कळवलं. पाटोद्याला दोन मैलांवरून बैलगाडीने पाणी येत होतं, आणि सोमवारी हौदाशी रांगेवरून दोन बायकांची डोकी फुटली होती. ही गोष्ट त्या कागदात नव्हती. खाणावळवाल्याने सांगितली. त्या दिवसापासून त्याने आम्हाला दुसरी वाटी दिली नाही.

किन्हीकर चावडीच्या ओसरीवर बसून लाइनीचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून करत होते. तारेची जाडी, खांबांची उंची, इंजिनाचा वेग, जमीन. दोन दुपारी त्यात गेल्या. उत्तर तेच आलं. दिवाळीत मोजलेल्या दाबाशी पुन्हा जुळलं.

"कशासाठी करताय?" मी विचारलं.

"हे तरी चुकलेलं निघावं म्हणून," ते म्हणाले.

बरडवस्तीवर गयाबाईने खांबाभोवती काटे टाकले आणि मेंढ्या फिरकू नयेत म्हणून दिवसभर लवणाच्या कडेला बसून राहिली. शेंदराचा धोंडा तिने काढला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गेलो तेव्हा वरची माती करडी दिसत होती. किन्हीकरांनी बोटभर उकरलं. खाली माती ओली, चिकट, बोटाला लागणारी.

"काळी पाणी धरून बसती," गयाबाई म्हणाली. "ज्वारी तिच्यावरच येती आमची, हिवाळ्यात, बिनपावसाची." तिने वर बघितलं. "ऊन कमी पडतंय का, सायेब?"

ऊन कमी नव्हतं. गाडीच्या लोखंडी धावेला हात लावता येत नव्हता.

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, अमीन पुन्हा आले. पंच तेच होते. किन्हीकरांनी दांडा फिरवला. काटा नऊवर थांबला. मेखांची जागा बदलून त्यांनी चार वेळा मोजलं. नऊ, नऊ, साडेआठ, नऊ.

"नऊ गुणिले सहा," अमीन म्हणाले. त्यांनी हिशेब स्वतः केला. "चोपन्न. चोपन्नला माणूस मरतो का?"

गयाबाई किन्हीकरांच्या उजव्या हाताला उभी होती.

"मरू शकतो," ते म्हणाले. "अंग ओलं असलं तर. बहुतेक नाही."

"सटवाचं अंग ओलं होतं?"

"मला माहीत नाही."

कारकुनाने 'बहुतेक नाही' असं लिहून घेतलं. उर्दूत किती लिहिलं ते मला वाचता आलं नाही. किन्हीकरांनी आपल्या हाताने इंग्रजीत एक पान जोडलं. जमीन तीनच दिवसांपूर्वी भिजवलेली होती, कोरड्या स्थितीतली मोजणी झालेली नाही, रामाच्या हातावरचा फोड पट्टीच्या मापाचा आहे, असं त्यात होतं. अमीनांनी ते पान घेतलं आणि पंचनाम्याला टाचलं.

मग लाइन सुरू करण्याचा कागद पुढे आला. त्यावर इंजिनियरची सही लागत होती. किन्हीकरांनी सही करण्याआधी दोन अटी लिहिल्या. खांबाभोवती पक्कं कुंपण घालावं. आणि लाइन चालू आहे तोवर खड्ड्यात रोज चार घागरी पाणी न चुकता घालावं, त्यासाठी जीनने माणूस नेमावा.

मी त्यांना म्हटलं, "म्हणजे ही जागा पुन्हा कोरडी होणार नाही."

"नाही."

"मग कोरड्यातली मोजणी कधीच होणार नाही."

"पाणी घातलं नाही तर मेंढ्यांमागे दुसरा कोणी जाईल," किन्हीकर म्हणाले. त्यांनी सही केली.

गयाबाईला अटींचा अर्थ नूरमियाँने सांगितला. तिने एवढंच विचारलं, की रामाला खटल्यासाठी बीडला नेणार ते कुठल्या वाटेने, आणि वाटेत भाकरी देता येईल का. अमीन म्हणाले, देता येईल.

परत

लाइन शुक्रवारी दुपारी चारला सुरू झाली. पाच वाजायच्या सुमारास पाटोद्याच्या हौदात पाणी पडायला लागलं. घागरी लावलेल्या क्रमानेच भरल्या. मी तासभर तिथे होतो. भांडण झालं नाही.

शनिवारी सकाळी रामाला दोन शिपायांबरोबर पायी बीडकडे नेलं. गयाबाई आणि तिची सासू मांजरसुंब्याच्या रस्त्यावर पहिल्या वडाखाली थांबल्या होत्या. शिपायांनी त्यांना भाकरी देऊ दिली. आमची गाडी त्याच वेळी उलट्या दिशेला, जामखेडकडे निघाली होती, म्हणून ते काय बोलले ते मला ऐकू आलं नाही.

पुण्याला आल्यावर मी तीन रकान्यांचा मजकूर दिला. एक रकाना छापून आला. पट्टीबद्दलचा भाग त्यात होता, भेगांबद्दलचा नव्हता. किन्हीकरांनी निजाम सरकारच्या बांधकाम खात्याला पत्र लिहिलं, की पाणी चार आठवडे थांबवून, लाइन बंद ठेवून, कोरड्यात मोजणी करू द्यावी. उत्तर आलं नाही. त्यांनी दुसरं पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं. लाइन समाधानकारक चालू असल्याने फेरमोजणीची जरूर दिसत नाही, असं त्यात होतं.

खटला बीडच्या अदालतीत तीर महिन्यात, म्हणजे मे महिन्यात, चालला. किन्हीकरांनी साक्षीला यायची तयारी कळवली होती. त्यांना बोलावणं आलं नाही. निकालाची नक्कल मी मागवली आणि पुण्यातल्या एका उर्दू शिक्षकाकडून वाचून घेतली. अदालतीने मोजणीचे दोन्ही आकडे, पाच आणि नऊ, नोंदले होते. किन्हीकरांच्या इंग्रजी पानाचा उल्लेख 'सोबतचा कागद' असा होता, त्यातल्या मजकुराचा नव्हता. सटवा वरच्या तारेपर्यंत कसा पोचला, याबद्दल निकालात काही नव्हतं. रामाला दीड वर्षाची सक्तमजुरी झाली.

अपिलाची मुदत त्यापुढच्या अमरदाद महिन्याच्या अखेरीस संपली. त्या दिवसापर्यंत अपील दाखल झालेलं नव्हतं.